एका मुलाला किती शिक्षक?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा अकरा वर्षांचा असून गेली चार वर्षे लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल संघटनेत) बेसबॉल खेळतो. यंदा त्याची एका ट्रॅव्हल टीममध्येही (बाहेरगावी स्पर्धा खेळणाऱ्या संघात) निवड झाली. त्याचे क्षेत्ररक्षण आणि धावणे चांगले आहे, परंतु या मोसमात फलंदाजी पार बिघडली आहे. टीमचे कोच त्याला खांदा लवकर उघडू नकोस म्हणतात. माझे यजमान साताऱ्याला कॉलेजच्या संघातून क्रिकेट खेळलेले असल्यामुळे ते पुढचे कोपर वर ठेवायला सांगतात. मुलगा स्वतः मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून प्रत्येक चेंडू उंच मारण्याच्या मागे असतो. परिणाम असा की, तो प्लेटवर (फलंदाजाच्या जागी) नुसता उभा राहतो आणि तिसरा स्ट्राइक बघत परत येतो, म्हणजे बॅट न फिरवताच बाद होतो. आता हिटिंगचा खासगी शिक्षक लावायचा आमचा विचार आहे. एका मोठ्या अकॅडमीत पूर्वी मायनर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पातळीवर, खेळलेले एक गृहस्थ शिकवतात. त्यांचे अर्ध्या तासाचे ८५ डॉलर आहेत आणि दहा लेसनचे पॅकेज एकदम घ्यावे लागते. जवळच्या हायस्कूलचे निवृत्त कोच तासाला ७० डॉलर घेतात. कॉलेजच्या संघातला एक मुलगा तासाला ४० डॉलरमध्ये शिकवायला तयार आहे. आम्हा दोघांनाही बेसबॉल फारसा कळत नाही. निवड कशाच्या आधारे करावी?
— एक आई, मिडलसेक्स काउंटी

उत्तर : आपल्या पत्रात तिघांचे दर आहेत आणि त्यांची पार्श्वभूमीही आहे, परंतु मुलगा ‘तिसरा स्ट्राइक बघत परत येतो’ हे वाक्य मी दोनदा वाचले. चुकीच्या पद्धतीने बॅट फिरवणारा मुलगा आणि बॅट न फिरवणारा मुलगा, यांच्या अडचणी वेगवेगळ्या असतात. लिटल लीगच्या मैदानावर पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) पट्टी होम प्लेटपासून ४६ फुटांवर असते, आणि ताशी ६० मैलांनी आलेला चेंडू हे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात चेंडू ओळखायचा, तो मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट आणायची. त्यात खांदा, कोपर आणि उंची या तीन सूचनांची उजळणी करायला जागाच उरत नाही. आपला मुलगा बहुधा सूचना आठवत उभा राहतो आणि तोपर्यंत चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसलेला असतो.

म्हणून आपण ज्यांना नेमाल ते घरातला चौथा आवाज होता कामा नयेत. आधीच्या तीन आवाजांची जबाबदारी जे स्वतःवर घेतील, असे शिक्षक शोधावेत. पहिल्या भेटीत त्यांना सरळ विचारावे की, टीमचे कोच याला अमुक सांगतात, त्याचे आपण काय कराल? “ते विसरून जा, मी सांगतो तसे कर,” असे उत्तर आले तर मंगळवारी एक आणि शनिवारी दुसरेच ऐकण्याची पाळी मुलावर येईल, आणि शनिवारी संघात कोणाला खेळवायचे हे टीमचे कोचच ठरवणार आहेत. “मला त्यांचा नंबर द्या, मी एकदा बोलून घेतो,” असे जे म्हणतील त्यांचे पारडे माझ्या लेखी तिथेच जड होते. निदान एक सामना स्वतः पाहायला, किंवा सामन्यातल्या चार-पाच खेळींचे चित्रीकरण मागायला, ते तयार असावेत. केजमध्ये (सरावाच्या जाळीत) सुरेख दिसणारा स्विंग, म्हणजे बॅटचे फिरणे, सामन्यात का दिसत नाही, हे केजमध्ये बसून कळत नाही.

दुसरी गोष्ट, नाव नोंदवण्याआधी ते दुसऱ्या मुलाला शिकवत असताना अर्धा तास बसून पाहण्याची परवानगी मागावी. बेसबॉल न कळणाऱ्या पालकालाही या अर्ध्या तासात पुष्कळ कळते. मुलाने चेंडू चुकवल्यावर शिक्षक लगेच बोलतात की दोन-तीन चेंडू थांबून पाहतात? एका वेळी एकच गोष्ट सांगतात की एका दमात पाच? “चेंडू नेमका कुठे लागला असे वाटले?” असा प्रश्न मुलाला विचारतात का? आणि मुलगा बाहेर पडताना खालमानेने पडतो की बॅट हवेत फिरवत, हेही पाहून घ्यावे. आपल्या मुलाचा पहिला लेसन झाल्यावर घरी येताना गाडीत त्याला एवढेच विचारावे की, आज काय शिकलास? त्याला ते एका वाक्यात सांगता आले तर शिक्षकाने काम केले आहे. त्याने पाच गोष्टी सांगितल्या किंवा खांदे उडवले, तर पुढच्या लेसनची घाई करू नये.

शिक्षक स्वतः कुठवर खेळले आहेत, याला आपल्याकडे फार वजन दिले जाते. मीही एकेकाळी देत होतो. माझ्या थोरल्या मुलाला मी भिंतीवर सह्या केलेल्या बॅटी टांगलेल्या एका ठिकाणी नेले आणि दहा लेसनचे पैसे पहिल्याच दिवशी भरून मोकळा झालो. तिथल्या शिक्षकांनी त्याचा एकही चेंडू पूर्ण पाहण्याआधी, पाचव्या मिनिटाला, त्याची उभे राहण्याची पद्धत बदलली. सातव्या लेसनपर्यंत ती तीनदा बदलली होती. दोष त्यांचा किती आणि आगाऊ पैसे भरून बसलेल्या माझा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. उच्च पातळीवर खेळलेल्या माणसाला वेगवान चेंडूसमोर उभे राहण्याचा अनुभव असतो आणि तो मोलाचा आहे. परंतु जे त्याला उपजत जमले ते न जमणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगणे हे निराळे कसब आहे. २०२२ साली ६२ होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारणारा अ‍ॅरन जज ज्यांच्याकडे खासगीत शिकतो, ते मिसूरीचे रिचर्ड शेंक व्यावसायिक बेसबॉल कधीच खेळलेले नाहीत. तेव्हा मायनर लीगचा अनुभव असणे चांगलेच, पण केवळ त्यासाठी दुप्पट-अडीचपट दर मोजावा असे मला वाटत नाही.

शिक्षकांशी बोलताना त्यांच्या ‘पद्धती’विषयी आपण बरेच ऐकाल. या विषयावरचे वाद जुने आहेत. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी (दर हजार संधींत ४०६ यशस्वी फटके) गाठणाऱ्या टेड विल्यम्स यांचा आग्रह कमरेच्या फिरण्यावर आणि बॅट किंचित खालून वर आणण्यावर होता. पुढे फलंदाजीचे प्रशिक्षक चार्ली लाऊ यांनी मागच्या पायावरचे वजन पुढे नेण्यावर आणि चेंडू मैदानभर सर्वत्र मारण्यावर भर दिला, आणि त्यांचा शिष्य जॉर्ज ब्रेट याने १९८० मध्ये .३९० ची सरासरी काढली. २०१५ पासून मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा आली, तेव्हापासून चेंडू किती वेगाने आणि किती अंशांच्या कोनात उडाला हे आकडे टीव्हीवर झळकू लागले आणि उंच मारण्याची टूम आली. आपल्या मुलाचे व्हिडिओ त्याच प्रवाहातले असणार. जे. डी. मार्टिनेझ या खेळाडूने २०१३ च्या हंगामानंतर खासगी शिक्षकांकडे जाऊन आपला स्विंग मुळापासून बदलला. २०१४ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याला काढून टाकले, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटकडून त्याने .३१५ च्या सरासरीने २३ होम रन मारले. अशी उदाहरणे शिक्षक हौसेने सांगतात. ती खरीच आहेत, पण मार्टिनेझ त्या वेळी मेजर लीगमध्ये तीन हंगाम काढलेला, पंचविशी ओलांडलेला पुरुष होता. अकरा वर्षांच्या मुलाचे हात-पाय दर सहा महिन्यांनी लांब होत असतात, त्यामुळे आज बांधून दिलेला ‘परिपूर्ण’ स्विंग त्याला पुढच्या उन्हाळ्यात अपुरा पडू शकतो. या वयात तोल सांभाळून उभे राहणे, बॅट वेळेवर फिरवायला घेणे आणि मारण्याजोगा चेंडू ओळखणे एवढे आले तरी बरेच झाले. एकच पद्धत खरी आणि बाकी सारे मूर्ख, असे सांगणाऱ्या शिक्षकापासून मी मुलाला दूर ठेवीन.

अकॅडमीतल्या यंत्रांनी दिपून जाऊ नये. ब्लास्ट मोशनसारखा बॅटच्या मुठीला बसवायचा सेन्सर किंवा हिटट्रॅक्ससारखी केजमधली कॅमेऱ्यांची यंत्रणा जाणकाराच्या हाती उपयोगी असते, पण आकडा कोणत्या बॅटने आला हेही विचारावे. अखंड लाकडाची बॅट सोडली तर लिटल लीगमध्ये २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते. पुष्कळ ट्रॅव्हल स्पर्धांत यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेच्या शिक्क्याची, चेंडूला अधिक उसळी देणारी बॅट वापरतात. पहिल्या लेसनला एक बॅट आणि दहाव्याला दुसरी हातात दिली, तर मुलाने काही न शिकताही आकडा वाढतो. मुलाने लेसनला स्वतःचीच बॅट न्यावी, आणि दोन्ही प्रकारच्या असतील तर कोणत्या दिवशी कोणती वापरली हे वहीत लिहावे.

यंत्रापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की, तासातला किती वेळ चेंडू एकाच वेगाने आणि एकाच जागी येतो. टीवर (उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवून मारणे आणि बाजूने अलगद टाकलेला चेंडू मारणे हे व्यायाम आवश्यक आहेत, परंतु सबंध लेसन त्यातच गेला तर वेळ साधण्याचा सराव होत नाही, आणि आपल्या मुलाची अडचण नेमकी तीच दिसते. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या कॉलेज खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात, सरळ वेगवान, वळणारे आणि संथ असे चेंडू मिसळून ज्यांना दिले त्यांची सुधारणा, एकेक प्रकार सलग दिलेल्या गटापेक्षा दुपटीहून अधिक आढळली. मिसळलेल्या सरावात मुलगा अधिक चुकतो, त्यामुळे पाहणाऱ्या पालकाला पैसे वाया गेल्यासारखे वाटते. तिथे जरा कळ काढावी लागते. अकरा वर्षांच्या मुलासाठी वळणारे चेंडू नकोत, वेग आणि जागा बदलत राहिली तरी पुरे. शिक्षक स्वतः जाळीच्या आडून हाताने चेंडू टाकतात का, आणि “हा मारू नको, सोड,” असा सराव घेतात का, हे जरूर विचारावे. आणखी एक चौकशी : लहान मैदानावर खेळणाऱ्या मुलांना त्यांनी शिकवले आहे का? मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की पिचरचे अंतर ६० फूट ६ इंच होईल. तिथून ताशी ८० मैलांनी आलेल्या चेंडूला जेवढा वेळ मिळतो, जवळपास तेवढाच आजच्या मैदानावर ६० मैलांच्या चेंडूला मिळतो. ज्यांनी केवळ मोठ्या मुलांनाच शिकवले आहे ते लहान मैदानावरची ही घाई कधीकधी विसरतात.

आता आपल्या यजमानांविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, पण पुढचे कोपर उंच ठेवून सरळ बॅटने खेळणे ही क्रिकेटची गरज आहे; तिथे चेंडू टप्पा पडून येतो, बॅट चपटी असते आणि तो जमिनीलगत मारण्यात शहाणपण असते. इथे गोल बॅटने, टप्पा न पडलेला चेंडू पुढच्या नव्वद अंशांच्या आतच मारायचा असतो, आणि पुढचा पाय टेकल्यावर कंबर त्याच्याभोवती फिरते. दोन्हींची सरमिसळ केली की मुलगा दोन्हीकडून जातो. तथापि साताऱ्याच्या मैदानावरची एक विद्या इथे जशीच्या तशी चालते, ती म्हणजे ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणे. होम प्लेट १७ इंच रुंद असते आणि लिटल लीगमध्ये स्ट्राइक झोन (चेंडू मारण्याजोगा मानला जातो ती चौकट) काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत धरतात. यजमानांनी घरामागच्या अंगणात एवढीच चौकट आखून “आत की बाहेर?” हा खेळ मुलाशी खेळावा आणि स्विंगविषयी सहा महिने अवाक्षर काढू नये. बापाला हे किती कठीण जाते ते मी जाणतो.

तिघांपैकी माझा कौल हायस्कूलच्या निवृत्त कोचना आहे, मात्र वर सांगितल्याप्रमाणे त्यांना लहान मुलांना शिकवताना आधी पाहून घ्यावे. वर्षानुवर्षे सर्व प्रकारच्या मुलांचा संघ चालवलेल्या माणसाला दुसऱ्या कोचशी बोलण्याचे वावडे नसते, आणि मुलाला कधी एकटे सोडावे हेही त्याला कळते. कॉलेजच्या मुलाला नाकारू नये. कोचनी नेमून दिलेला सराव त्याच्याकडून करून घ्यावा. तो चेंडू उत्तम टाकेल, आणि अकरा वर्षांच्या मुलाला विशीतल्या दादाचे कौतुक असते ते वेगळेच. अकॅडमीचे गृहस्थ एकच लेसन घ्यायला तयार नसतील तर तो विषय तिथेच संपवावा. कोणाचेही असो, आरंभी चार लेसन, दोन आठवड्यांतून एक, याहून अधिकचे पैसे भरू नयेत. मधल्या दिवसांत घरी टीवर पंधरा मिनिटे झाली नाहीत तर आठवड्याला दोन लेसन लावूनही फरक पडत नाही.

पैशांइतकीच एक चौकशी सुरक्षिततेची आहे, आणि ती करताना संकोच बाळगू नये. लिटल लीगच्या स्वयंसेवक कोचची पार्श्वभूमी दरवर्षी तपासली जाते, परंतु खासगी शिक्षकाला तो नियम आपोआप लागू होत नाही. अशी तपासणी आणि यूएसए बेसबॉलचे मुलांच्या संरक्षणाविषयीचे प्रशिक्षण झाले आहे का, हे विचारावे. यू. एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट या संस्थेची, कारवाई झालेल्या व्यक्तींची नावे शोधता येतील अशी यादी सर्वांना खुली आहे, तीही पाहावी. लेसन नेहमी इतरांच्या नजरेसमोर व्हावा आणि मुलाला पाठवलेला प्रत्येक संदेश आपल्यालाही यावा. चांगला शिक्षक या अटींनी दुखावला जात नाही. दुखावला गेला तर आपल्याला आपले उत्तर मिळाले.

मुलाची कंबर दुखत असेल तर लेसन थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे. पुन्हा पुन्हा अंग पिळण्यामुळे मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा जो त्रास क्रिकेटमधल्या तरुण वेगवान गोलंदाजांना होतो, तोच बेसबॉलच्या फलंदाजांनाही होतो. वर्षातून दोन-तीन महिने बेसबॉलला पूर्ण सुट्टी असावी, आणि त्या काळात हिवाळी लेसनचे पॅकेज कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाला बेसबॉलची फलंदाजी शिकवणारे सर म्हणतात की, दहा वर्षांच्या मुलीलाही सॉफ्टबॉलसाठी तेच शिकवतील. चालेल का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : बॅट फिरवण्याचा पाया बराचसा सारखाच असल्याने सरांचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु चेंडू निराळा येतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू कमरेजवळून, हात खालून फिरवून सोडते. अंतर या वयात ३५ किंवा ४० फूट असते, आणि पुढे वरच्या बाजूला उठल्यासारखे भासणारे चेंडूही येऊ लागतात. सरांना स्वतःला तसा चेंडू टाकता येत नसेल तर एखादी हायस्कूलची पिचर महिन्यातून दोनदा ते बोलावतील का, एवढे विचारून घ्यावे. बेसबॉलच्या यंत्रातून निघणाऱ्या चेंडूंवरच सर्व सराव होणार असेल, तर सॉफ्टबॉल खेळलेली शिक्षिका शोधलेली बरी.

प्रश्न : मी पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे डॅलसला आलो आहे. नातवाचे हिटिंगचे सर मला बाकावर बसवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी मी त्याला अंगणात टेनिस बॉल टाकतो, त्याने सरांचे काम बिघडेल का?
— एक आजोबा

उत्तर : बिघडणार नाही, आजोबा. फक्त त्याच्या समोर सरळ रेषेत उभे राहू नका; टेनिस बॉलही डोळ्याला लागला की पुरेसा लागतो. त्याच्या पुढच्या बाजूला, तिरके, आठ-दहा फुटांवर बसा आणि चेंडू त्याच्या पुढच्या मांडीच्या रेषेत, अलगद आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळ्या उंचीवर टाका. मध्येच एखादा मुद्दाम बाहेर टाका आणि त्याने तो सोडला की दाद द्या. टेनिस बॉलऐवजी भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू आणला तर शेजाऱ्यांच्या खिडक्याही सुरक्षित राहतील. बेसबॉलचा खरा चेंडू मात्र मध्ये जाळी लावल्याशिवाय हातात घेऊ नका.